पेंटबॉल आणि हौशी खेळाडू

शहरांत वाढलेला मनुष्य एकाएकीं रानांत सोडला तर त्याचा निभाव लागेल कीं नाहीं, ह्या प्रश्नावर दोन मित्रांचा वाद जुंपला, आणि त्या वादाचा निकाल लावण्याच्या खटपटींतून एक नवा खेळ जन्मास आला. मित्रांपैकीं एक हेज नोएल, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत व्यवहार करणारा. दुसरा चार्ल्स गेन्स, व्यवसायानें लेखक, परंतु रानावनाचा षोकी. नोएलचें म्हणणें असें कीं, बाजाराच्या धकाधकींत ज्याची बुद्धि पाजळली गेली तो कोठेंहि टिकेल. गेन्सचें म्हणणें, रानाची विद्या रानांतच शिकावी लागते. आपल्याकडे असला वाद सुपारी कातरतां कातरतां चालतो आणि विड्याबरोबर संपतो. ह्या मंडळींनीं मात्र तो प्रयोगानें सोडविण्याचें ठरविलें. बॉब गर्न्सी नांवाचा तिसरा स्नेही नियम ठरविण्यास त्यांना येऊन मिळाला. आणि हत्यार म्हणून त्यांनीं निवडलें तें एक साधें कामाचें उपकरण. तोडावयाच्या झाडांवर किंवा कळपांतील जनावरांवर दुरून रंगाची खूण उठविण्यासाठीं अमेरिकेंतील वनकर्मचारी व पशुपालक जें पिस्तूल वापरीत, तेंच हें.

२७ जून १९८१ रोजीं न्यू हॅम्पशायर प्रांतांतील हेनिकर गांवच्या रानांत बारा असामी उतरले. प्रत्येक जण एकटा. कोणी कोणाचा सोबती नाहीं. रानांत चार ठिकाणीं निरनिराळ्या रंगांचीं निशाणें ठेविलेलीं. प्रत्येक रंगाचें एकेक निशाण मिळवून जो प्रथम बाहेर पडेल तो जिंकला, आणि वाटेंत ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद. जिंकला तो रिची व्हाइट नांवाचा वनव्यवसायांतला मनुष्य. आणि विशेष हें कीं, त्यानें सबंध खेळांत एकहि गोळी झाडली नाहीं. कोणाच्या दृष्टीस न पडतां चारहि निशाणें घेऊन तो निघून गेला.

ही हकीकत आरंभींच सांगण्याचें कारण असें. आज पेंटबॉल ह्या नांवानें ओळखला जाणारा हा खेळ शिकूं इच्छिणारा तरुण पहिल्या दिवशीं मैदानावर जातो तो बहुधा नेमबाजीच्या हौसेनें. त्याच्या हातीं बंदुकीसारखें दिसणारें यंत्र असतें, आणि तें वाजविण्यांतच सारा खेळ आहे अशी त्याची समजूत असते. घरच्या वडील मंडळींची समजूतहि तीच, आणि म्हणूनच त्यांचा विरोध. परदेशीं शिकणाऱ्या मुलाचा फोन येतो कीं, "मी विद्यापीठाच्या पेंटबॉलच्या संघांत नांव घातलें आहे," आणि इकडे माजघरांत चर्चा सुरू होते. अशीं दोन-तीन घरें माझ्या परिचयाचीं आहेत. त्यांतलें एक खुद्द माझेंच. तेव्हां ह्या खेळाच्या स्पर्धांत उतरूं पाहणाऱ्या हौशी मनुष्यास काय शिकावें लागतें, काय सांभाळावें लागतें आणि किती खर्चावें लागतें, हें एकदां नीट सांगावें अशा हेतूनें हा लेख लिहीत आहें.

पहिल्या प्रयोगानंतर खेळाचा प्रसार फार जलद झाला. १९८२ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील रोचेस्टर येथें पैसे घेऊन खेळूं देणारें मैदान निघालें. १९८३ सालीं राष्ट्रीय म्हणविणारी पहिली अमेरिकन स्पर्धा झाली, आणि ती जिंकली मात्र कॅनडांतील एका संघानें! एकेकट्याचा खेळ लवकरच दोन पक्षांचा झाला. आरंभींचा रंग तेलाचा असे व तो काढावयास टर्पेंटाइन लागे. पुढें पाण्यानें धुतला जाणारा रंग आला, आणि घरोघरच्या मातांचा अर्धा रोष त्याबरोबर धुतला गेला असावा. मग खेळ रानांतून मोकळ्या मैदानावर आला. १९९० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें हवेनें फुगविलेले आडोसे वापरण्याची युक्ति निघाली. खेळाडू ह्यांस बंकर म्हणतात. कोणी शंकूच्या आकाराचा, कोणी उभ्या पिंपासारखा, आणि एका कडेला जमिनीलगत पसरलेला लांबच लांब, ज्याला सर्प असेंच नांव आहे. ह्या युक्तीमुळें मैदानाचे दोन्ही अर्ध तंतोतंत सारखे मांडतां येऊं लागले आणि जाळीबाहेरच्या प्रेक्षकाला खेळ दिसूं लागला. रानांतला खेळ अजूनहि पुष्कळ चालतो, आणि कित्येकांस तोच अधिक प्रिय आहे. परंतु चुरशीच्या ज्या स्पर्धा म्हणतात त्या मुख्यतः फुगीर बंकरांच्या मैदानावरच्या.

हें मैदान साधारणतः दीडशे फूट लांब असतें. एका अर्धांत जे बंकर तेच दुसऱ्या अर्धांत, आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें. दोन्ही टोकांस पांच-पांच गडी उभे राहतात, कर्णा वाजतो आणि ते सुटतात. प्रतिपक्षाचे गडी बाद करीत पलीकडच्या टोकाचें बटण दाबलें कीं एक गुण. एखादा गुण अर्ध्या मिनिटांत निकालांत निघतो, एखादा पांच मिनिटें रखडतो. मध्यें थोडी विश्रांति, तेवढ्यांत हवा व गोळ्या भरून घ्यावयाच्या, अंगावरचा रंग पुसावयाचा, आणि पुन्हां टोकास जाऊन उभें राहावयाचें. ठरलेले गुण प्रथम मिळविणारा, किंवा वेळ संपतांना पुढें असलेला संघ सामना जिंकतो. अमेरिकेंत २०१५ पासून नॅशनल एक्सबॉल लीग ही प्रमुख मालिका आहे. तिच्यांत धंदेवाईक संघ आहेत, आणि त्यांच्याखालीं हौशी संघांचे क्रमवार विभाग आहेत. नवख्यानें अगदीं तळच्या विभागांत उतरावयाचें. तेथें त्याच्यासमोर त्याच्याच योग्यतेचे गडी येतात. एक गोष्ट मला फार आवडली. स्पर्धेसाठीं बंकरांची जी मांडणी ठरते ती कांहीं दिवस अगोदर सर्वांस जाहीर केली जाते, आणि धंदेवाईक व नवशिके तीच मांडणी खेळतात. गणिताच्या परीक्षेंतील उदाहरण आठवडाभर आधीं फळ्यावर लिहून ठेवावें आणि तरीहि निम्मा वर्ग चुकावा, तसा हा प्रकार आहे.

आतां साधनांविषयीं. गोळीचा व्यास सतरा मिलिमीटरांहून किंचित् अधिक, वजन सुमारें तीन ग्रॅम. आंत रंग मिसळलेला दाट द्रव आणि बाहेर जिलेटिनचें पातळ वेष्टन. औषधाच्या कॅप्सूलला असतें तेंच. आमच्या घरीं पहिली हरकत निघाली ती बंदुकीवर नव्हे, ह्या वेष्टनावर. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात हें सौभाग्यवतींना कळलें, आणि "असल्या वस्तूला माझ्या नातवानें हात लावावयाचा?" असा प्रश्न निघाला. नातू फोनवरून हंसत म्हणाला, "आजी, तूं रोज सकाळीं घेतेस ती जीवनसत्त्वाची कॅप्सूलहि त्याचीच असते बरें!" परिणाम असा झाला कीं, त्याचा खेळ सुटला नाहीं, हिची कॅप्सूल मात्र सुटली.

ज्या यंत्रानें गोळी सुटते त्याला खेळाडू बंदूक न म्हणतां मार्कर म्हणतात. आणि मूळचें काम खूण करण्याचें असल्यानें हें नांव यथार्थहि आहे. गोळी ढकलणारी शक्ति म्हणजे दाबलेली हवा. तिच्या टाकींत दर चौरस इंचास तीन हजार किंवा साडेचार हजार पौंड दाब असतो. मोटारीच्या चाकांत सुमारें तीस असतो, ह्यावरून कल्पना यावी. म्हणून टाकीची ठराविक मुदतीनें तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिच्या झडपेशीं घरीं खटपट करणें हा शुद्ध वेडेपणा होय. पूर्वीं हवेऐवजीं कर्बद्विप्राणिद वायूचे सिलिंडर सर्रास चालत. सिलिंडर फिरवून काढतांना झडप मार्करबरोबर न राहतां सिलिंडरापासूनच सुटून येते व सिलिंडर बाणासारखा उडतो, असे प्राणघातक अपघात झाल्यावरून २००४ सालीं अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें जाहीर इशारा दिला होता. जुनें सामान स्वस्त मिळालें म्हणून घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

परंतु ह्या साऱ्याहून महत्त्वाचे डोळे. त्यांविषयीं मी थोड्या विस्तारानें लिहिणार आहें, आणि ज्या वाचकांस बाकीचा लेख वाचावयास सवड नसेल त्यांनीं एवढें तरी वाचावें. गोळी नळींतून सुटते तेव्हां तिचा वेग सेकंदास २८० ते ३०० फूट असतो. ती मांडीवर बसली तर निळाजांभळा वण उठतो आणि कांहीं दिवसांत जातो. तीच उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टि जाऊं शकते. क्रिकेटचा चेंडू मोठा असल्यामुळें पुष्कळ वेळां भुंवईच्या व गालाच्या हाडांवर अडतो; ही गोळी अडत नाहीं, ती खोबणींत नेमकी शिरते. अशा दुखापतींचे जे वृत्तांत अमेरिकेंतील नेत्रवैद्यांनीं वेळोवेळीं प्रसिद्ध केले आहेत, त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हां आढळते : आघाताच्या वेळीं बहुतेकांच्या तोंडावर मास्क नव्हता. कोणी घरामागच्या अंगणांत सहज खेळत होता. कोणाची कांच वाफेनें धुरकटली म्हणून त्यानें क्षणभर वर केली. कोणाला वाटलें कीं आपला डाव संपला.

ह्यास्तव मैदानाचा पहिला कायदा असा कीं, जाळीच्या आंत पाऊल टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत मास्क उतरावयाचा नाहीं. घाम येवो, खाज सुटो, कांच रंगानें माखून कांहीं दिसेनासें होवो. पंचास हांक मारावी, त्याचा हात धरून आंधळ्यासारखें बाहेर यावें, आणि मगच तो काढावा. मास्क ह्याच खेळासाठीं केलेला पाहिजे. बर्फावर घसरण्याचा चष्मा किंवा प्रयोगशाळेंतला चष्मा येथें कामाचा नाहीं. 'एएसटीएम एफ १७७६' हें त्याचें मानक आहे, आणि तें मास्कवर लिहिलेलें आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. दुहेरी कांचेचा मास्क थोडा महाग पडतो, पण लवकर धुरकटत नाहीं; आणि धुरकटणें हेंच मास्क वर करण्याचें मुख्य कारण असल्यामुळें, हे जास्तीचे पैसे चैनीचे समजूं नयेत. कांच पाण्यानें व मऊ कापडानें पुसावी, अमोनिया असलेलें द्रावण लावूं नये, आणि तडा दिसतांच ती बदलावी. दुसरा कायदा असा कीं, मैदानाबाहेर मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढविलेलीच पाहिजे. तिसरा, खेळापूर्वीं प्रत्येक मार्करचा वेग यंत्रानें मोजून घ्यावयाचा. मर्यादेच्या वर असलेला मार्कर आंत नेतां येत नाहीं. हे तीन कायदे जेथें सैल दिसतील तेथून पैसे परत न मिळाले तरी निघून यावें.

खेळ शिकावयास लागलेल्या मनुष्यानें पहिले पांच-सहा दिवस सर्व सामान भाड्यानें घ्यावें. विकत घ्यावयाचें असेलच तर प्रथम मास्क घ्यावा, मार्कर शेवटीं. बहुतेक तरुण ह्याच्या उलट करतात. माझा नातूहि तेंच करणार होता. त्याच्या आईनें अट घातली कीं आधीं मास्क, आणि मार्करचें पुढच्या सत्राचा निकाल लागल्यावर पाहूं. अट कडक होती, पण तिचा एक अनपेक्षित लाभ झाला. ते चार महिने तो मैदानावरचा जुना, हातानें दट्ट्या ओढून एकेक गोळी सोडण्याचा मार्कर भाड्यानें घेऊन खेळला. ज्याला दर गोळीस हात चालवावा लागतो तो गोळी जपून सोडतो, आणि नेमापेक्षां जागेचा विचार अधिक करतो. विजेवर चालणाऱ्या मार्करांतून सेकंदास सुमारें दहा गोळ्या सुटतात. तो पहिल्या दिवशींच हातांत आला कीं बुद्धीला काम उरत नाहीं.

गेल्या वर्षीं न्यू जर्सींत मुलाकडे राहिलों असतां तीन-चार रविवार नातवाबरोबर त्याच्या सरावास जाण्याचा मला योग आला. जाळीबाहेर खुर्ची टाकून मी पाहत बसें. प्रथम लक्षांत आलें तें हें कीं, सरावाचा मोठा भाग गोळ्यांशिवायच चालतो. टोकापासून पहिल्या बंकरापर्यंत धांवणें, गुडघ्यावर घसरत जाऊन त्याच्या आड अंग चोरणें, कडेनें क्षणभर डोकावून परत आंत येणें, हेंच दोन-दोन तास. आणखी एक गोष्ट माझ्या संस्कृत शिक्षकाच्या मनाला फार गोड वाटली. बंकराच्या उजव्या कडेनें खेळतांना मार्कर उजव्या हातीं धरावा, आणि डाव्या कडेनें खेळतांना तो डाव्या हातीं घ्यावा. न घेतल्यास अर्धें शरीर बाहेर पडतें. नवशिक्यांचा डावा हात ऐकत नाहीं. म्हणून त्यांच्याकडून महिनेच्या महिने डाव्याच हाताचा सराव करून घेतात. अर्जुनाला सव्यसाची कां म्हणत, हें वर्गांत शब्दांनीं सांगतां सांगतां माझीं तीस वर्षें गेलीं; येथें तें डोळ्यांना दिसलें. नातवाला मी तो शब्द सांगितला. त्यानें तो सोबत्यांना सांगितला, आणि पुढच्या रविवारीं एक उंच, लाल केसांचा मुलगा दुसऱ्यावर "सव्यसाची! सव्यसाची!" म्हणून ओरडत होता. उच्चार यथातथाच होता. अर्थ बरोबर होता.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे रिकाम्या जागेवर गोळ्या सोडणें. शंभर फुटांवर पोहोंचावयास गोळीला सुमारें अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यांत धांवणारा मनुष्य पांच-सात हात पुढें जातो. त्यांतून गोळी गुळगुळीत नळींतून सुटलेली, आंत द्रव हालणारा; पंचवीस-तीस यार्डांपलीकडे तिचा भरंवसा नाहीं. म्हणून कर्णा वाजतांच मागचे गडी माणसावर नेम धरीत नाहींत, तर दोन बंकरांमधल्या फटींतून गोळ्यांची एक संतत ओळ सोडून ठेवितात, आणि प्रतिपक्षाचा गडी धांवत येऊन आपणच तींत सांपडतो. तो कोठून धांवेल हें आदल्या रात्रीं नकाशावर ठरविलेलें असतें.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट बोलणें. पुढच्या गड्यास बंकराआडून स्वतःच्या समोरची एक फट तेवढी दिसते. मैदान दिसतें तें मागच्यास. त्यानें पाहिलेलें क्षणोक्षणीं ओरडून सांगावें, मधल्यानें तें पुढें पोंचवावें, आणि पुढच्यानें मागें न वळतां त्यावर विश्वास ठेवून हालावें. प्रत्येक बंकरास नांव असतें, आणि 'किती गडी उरले' ह्यास सांकेतिक शब्द असतात. नवखे गडी मुके होतात. भीतीनें त्यांचा घसा बसतो, आणि पांच जण पांच बेटांवर बसल्यासारखे लढून एकेक करून बाद होतात. आमच्या नातवाची जागा पुढची, सर्पाच्या बाजूची. तेथें पोटावर सरपटत प्रतिपक्षाच्या अर्धांत शिरावयाचें असतें. पहिल्या दोन महिन्यांत तो मोठ्या आवेशानें आंत शिरे आणि तेथेंच अडके, कारण मागून कोणी सांगणारें नाहीं व ह्याला विचारण्याचें सुचत नाहीं. त्याच्या कप्तानानें त्याला एक महिना मुद्दाम सर्वांत मागें खेळविलें. तेथें उभें राहून त्यानें दुसऱ्याला वाट सांगितली, तेव्हां पुढें गेल्यावर काय ऐकावयाचें तें त्यास कळलें. ही युक्ति मला माझ्या शिक्षकी पेशांत सुचली असती तर किती बरें झालें असतें!

आतां ज्या कारणासाठीं हा खेळ मी आमच्या घरांत मान्य केला तें सांगतों. गोळी अंगावर फुटून रंगाची नीट खूण उठली तर गडी बाद. गोळी न फुटतां उडून गेली किंवा दुसरीकडे फुटून नुसते शिंतोडे आले तर बाद नाहीं. मार्करवर किंवा पाठीच्या सामानावर फुटली तरीहि बाद. ज्याला खूण दिसेल त्यानें आपण होऊन हात दाखवून मैदान सोडावयाचें. पंच असतात, पण धुळींत, आरडाओरडींत आणि दहा जणांच्या धांवपळींत त्यांना सारें दिसत नाहीं. खूण हातानें पुसून टाकून खेळत राहणें हें ह्या खेळांतलें सर्वांत मोठें पाप होय, आणि तें घडतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सांपडल्यास शिक्षा कडक आहे. पुष्कळ स्पर्धांत दोषी गड्याबरोबर त्याच्या संघांतील दुसऱ्या एकालाहि बाहेर काढतात, म्हणजे पातकाचा भार सोबत्यावरहि पडतो. आमच्या हुतुतूंत किंवा आट्यापाट्यांत 'लागलें, नाहीं लागलें' हा तंटा जितका जुना, तितकाच हाहि.

पेन्सिल्व्हेनियांतील एका लहानशा स्पर्धेंत, अगदीं तळच्या विभागांत, नातवाच्या संघाचा शेवटचा सामना मी पाहिला. गुण समान झाले होते, वेळ एकाच डावाचा उरला होता. दोन्ही पक्षांचे तीन-तीन गडी गेले. नातू सर्पाच्या टोकाशीं, प्रतिपक्षाच्या बटणापासून फार तर दहा पावलांवर. त्याचा सोबती पलीकडच्या कडेला. तेवढ्यांत नातू एकदम उठून उभा राहिला, हात वर केला आणि चालूं लागला. पंच त्याच्याकडे पाहतहि नव्हता. कमरेच्या मागें गोळ्यांच्या डब्यांचा जो पट्टा असतो त्यावर त्याला टपका जाणवला होता. गोळी फुटली कीं उडाली हें त्याला स्वतःला दिसणें शक्य नव्हतें. तो बाहेर आल्यावर पाहिलें तर पट्ट्याच्या खालच्या कडेला पिंवळा रंग होता, रुपयाएवढा. राहिलेला एकटा गडी पुढच्या अर्ध्या मिनिटांत बाद झाला आणि सामना गेला.

तंबूंत परतल्यावर त्याचा एक सोबती चांगलाच संतापला. त्याचें म्हणणें, तुला दिसलें नव्हतें; पंचाला बोलावून तपास म्हणावयाचें होतें, आणि तो येईपर्यंत खेळत राहावयाचें होतें; नियमानें तेवढी मुभा होती. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. जी खूण गड्याला दिसूं शकत नाहीं ती तपासण्याची विनंति तो करूं शकतो, आणि जाणते खेळाडू ती करतात. कप्तान कांहीं वेळ गप्प बसला आणि मग एवढेंच म्हणाला कीं, पुढच्या खेपेस बटणाकडे दोन क्षण आधीं नीघ. परततांना गाडींत मी नातवाला विचारलें, "तूं पंचाला कां नाहीं बोलावलेंस?" तो म्हणाला, "आजोबा, मला लागल्याचा आवाज ओला आला. तुम्हांला तो बाहेरून ऐकूं येत नाहीं. तो एकदां ऐकला कीं मग विचारण्यासारखें कांहीं राहत नाहीं." मी त्यावर कांहीं बोललों नाहीं. त्याचे वडील, जे तोंवर खर्चाबद्दल कुरकुरत गाडी हांकीत होते, तेहि गप्प झाले.

खर्चाची कुरकुर मात्र निराधार नव्हती, आणि ह्या खेळाचा हा खरा दोष आहे. गोळ्या दोन हजारांच्या पेटीनें विकतात. सेकंदास दहा ह्या हिशेबानें एक पेटी दोनशे सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आंत संपते. कमरेच्या पट्ट्यांतील एका डबींत सुमारें १४० गोळ्या मावतात; त्या चौदा सेकंदांच्या. सरावाच्या एका दिवसांत गड्यामागें एक पेटी सहज जाते. त्यावर मैदानाचें शुल्क, हवा, स्पर्धेचें प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम. धंदेवाईकांच्या हातांतला मार्कर हजार डॉलरांच्या वरचा असतो. तसल्याची नवख्याला मुळींच गरज नाहीं. चांगला जपलेला जुना मार्कर त्याच्या कितीतरी कमी किंमतींत मिळतो, कारण ह्या खेळांत तरुण जितक्या उत्साहानें शिरतात तितक्याच झपाट्यानें लग्न, नोकरी व बदली ह्या तीन कारणांनीं बाहेरहि पडतात. आमच्याकडे अखेर असें ठरलें कीं, मास्क व टाकीची तपासणी वडिलांच्या खर्चानें. गोळ्या ज्याच्या त्यानें मिळवाव्या. नातू आतां शनिवारीं त्याच मैदानावर पंचाचें काम करतो, आणि त्याच्या मोबदल्यांत रविवारचा सराव पदरांत पाडतो. पंच झाल्यापासून त्याचा खेळ सुधारला, असें त्याचा कप्तान म्हणतो. मला तें सहज पटतें; दुसऱ्याचे पेपर तपासल्यावांचून कोणालाहि शुद्धलेखन येत नाहीं.

ज्यांना स्पर्धेच्या खर्चांत पडावयाचें नाहीं त्यांच्यासाठीं दुसरे मार्ग आहेत. अलीकडे विजेशिवाय चालणाऱ्या मार्करांच्या वेगळ्या स्पर्धा भरूं लागल्या आहेत. त्यांत गोळ्या पुष्कळ कमी लागतात, आणि वयानें पोक्त झालेले जुने खेळाडू तेथें मोठ्या संख्येनें परतले आहेत. अमेरिकेंतील विद्यापीठांच्या संघांची स्वतंत्र संघटनाहि आहे. परक्या देशांत एकट्यानें राहणाऱ्या विद्यार्थ्यास तींत सोबत मिळते, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या आसपास, लोणावळ्याच्या बाजूस, सहलीच्या ठिकाणीं पेंटबॉलचीं लहान मैदानें आहेत. तेथें मोजक्या गोळ्या देऊन तासभर खेळवितात. त्यावरून स्पर्धेच्या खेळाची कल्पना येणार नाहीं. परंतु मुलाला ह्या खेळाची खरी आवड आहे कीं नुसती यंत्राची, हें तेवढ्यानेंहि कळतें. मास्क, नळीवरची टोपी आणि वेग मोजण्याचें यंत्र ह्यांची चौकशी तेथेंहि करावी; विचारणाऱ्या पालकाला हंसणारा मालक भेटला तर मुलाला घेऊन सरळ मिसळ खावयास जावें.

मुलींविषयीं बऱ्याच भगिनी विचारतात. मुली खेळतात; मिश्र संघांतहि खेळतात आणि त्यांचे स्वतंत्र संघहि आहेत. सर्पाच्या बाजूच्या गड्यास बळापेक्षां लहान अंग आणि चपळाई अधिक उपयोगी पडते, हें तर उघडच आहे. फार लहान मुलांस अमेरिकेंतील मैदानांवर घेत नाहींत, आणि अठरा वर्षांखालील खेळाडूस पालकाची लेखी संमति लागते. आमची धाकटी नात तेरा वर्षांची आहे. संमतीचा कागद तिनें परवां आजीपुढें ठेविला. आजीनें चष्मा लावून तो सबंध वाचला, सही आपल्या अधिकारांतली नसून तिच्या वडिलांच्या आहे असें सांगितलें, आणि तिच्यासाठीं दुहेरी कांचेचा मास्क मात्र आपल्या पैशांनीं मागविला.